साहेबाला धाडलेलं आवतण

२३ नोव्हेंबर १९६४

पंचफुला, ही वही कोणी दिली ते आठवते का? नसेलच आठवत. तूच दिलीस. अकोल्याच्या गाडीत बसलीस, खिडकीतून माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालीस, "आजी, रोजचं रोज लिहून ठेवजो, मी आली की वाचीन." लिहून ठेवजो. मला सांगतेस. लहानाची मोठी माझ्या हातची भाकर खाऊन झालीस आणि म्हातारीला अक्षर येत नाही हे गाडी सुटायच्या आत विसरलीस. नर्सचं शिकायला गेलीस ते चांगलं केलंस, पण कोणाला सुई टोचली आणि कोणाची राहिली ते मनगटावर गोंदवून घेत जा.

लिहिणारा सापडला आहे. आमच्या कपाशीच्या जिनिंगातला हजेरीचा कारकून उत्तमराव, दुसरबीडचा. सुट्टीचा भोंगा झाला की तो माझ्या झोपडीसमोरच्या दगडावर एस.टी.ची वाट बघत बसतो. गाडी येईपर्यंत लिहितो म्हणाला. म्हणजे गाडी जेवढी लेट, तेवढं माझं सांगणं लांब.

मी बोलते तसं हा लिहीत नाही. माझं बोलणं शाळेतल्यासारखं करून कागदावर उतरवतो म्हणे. उतरवू दे. म्हातारीला एकदा तरी इस्त्रीचं लुगडं नेसवलं असं समजू. लोकांचं बोलणं मात्र जसंच्या तसं लिही असं बजावलं आहे.

बाकी घरात नवीन काही नाही. हाताला दोघींचं पीठ मळायची सवय आहे, एक भाकर उरते. सकाळी तीच खाते. गाडी आली.

३० नोव्हेंबर

आज साहेब येऊन गेला. कारखाने तपासणारा सरकारी साहेब. तुला मागे सांगितलं होतं, पण तुझं डोकं मला ठाऊक आहे, म्हणून पुन्हा सांगते.

आमच्या जिनाच्या कोपऱ्यात एक खोली आहे. दारावरच्या पाटीवर 'पाळणाघर' असं लिहिलं आहे म्हणे. इतक्या बायका कामाला असल्या की लेकरांना जागा पाहिजे, असा कायदा आहे. आत सहा पाळणे टांगलेले. तीन वर्षं झाली, रंग कोरा करकरीत, कारण त्यांत कोणी मुतलंच नाही. एरवी दाराला कुलूप, आत गठाणी बांधायच्या लोखंडी पट्ट्या आणि किल्ली मॅनेजर महादेवरावांच्या खिशात. लेकरं कपाशीच्या ढिगाआड निजतात. भुवयांवर रुई बसून सगळी म्हातारी दिसतात. खोकतातही म्हाताऱ्यांसारखीच.

साहेब यायचा असला की मेहकरहून आदल्या दिवशी कंडक्टरच्या हाती निरोप येतो. मग पट्ट्या बाहेर, पाळणे पुसलेले, मॅनेजरच्या घरचा लाकडी घोडा आत. आणि घोड्यामागून मी. मी आया. महादेवराव पांढरं लुगडं आणून देतात, साहेब गेला की घडी करून परत नेतात.

"आजी, लेकरं रोज इथंच असतात ना?" साहेबानं विचारलं.

"हाव सायेब. दुसरं कुठं जातीन?"

"दूध देता?"

"पोटाले तडस लागेस्तोर."

साहेब हसला. महादेवराव त्याच्या पाठीमागून माझ्याकडे बघत मान डोलवत होते, जत्रेतला माणूस आपल्या नंदीकडे बघतो तशी.

गंमत पुढेच आहे. आपण बुद्धाचे झालो त्याला आठ वर्षं झाली, पण जिनातल्या पाण्याच्या रांजणाला ते अजून कोणी सांगितलेलं नाही. बायका मला लांबूनच ओंजळीत पाणी ओततात. पण साहेब येतो त्या दिवशी सगळ्यांची लेकरं माझ्या मांडीवर चालतात. शालूबाईची पाच महिन्यांची पोर तर माझा अंगठा धरून झोपली, सोडता सोडेना.

दुपारी साहेबाची गाडी गेली, पट्ट्या आत आल्या, लेकरं ढिगाआड गेली. घरी आल्यापासून मांडी गार लागते. थंडी पडायला लागली असेल.

३ डिसेंबर

मॅनेजरचंच सांगितलं, आमचं नाही सांगितलं, असं नको व्हायला. आमचंही असं आहे: सकाळी उत्तमराव नावं पुकारतो. गीताबाईचं लेकरू दुखणाईत, ते सासूजवळ ठेवून ती उशिरा येते. तिच्या नावाला मी "हाव" म्हणते. उद्या दुसरीच्या नावाला तिसरी म्हणेल. माझ्या नावाला आवाज जाड करते, गीताबाईच्या नावाला बारीक. उत्तमराव मान वर न करता लिहितो.

हे लिहू नका म्हणाला. मी म्हटलं, "वही माही हाये बाप्पा." लिहिलं बिचाऱ्यानं.

९ डिसेंबर

आज एक काम केलं. तू असतीस तर तुझ्याकडून करून घेतलं असतं.

साहेब आता उन्हाळ्याच्या तोंडाला येणार असं बायका म्हणाल्या. मला हसू आलं आणि मग येईना. म्हणून उत्तमरावला म्हटलं, साहेबाला एक कार्ड लिही. तो म्हणाला, "कायचं? तक्रार करता काय?"

"तक्रार काऊन करू? आवतण दे त्याले."

मग सांगितलं तसं त्यानं लिहिलं. 'सायेब, लवकर लवकर येत जा. तुम्ही आले की लेकरं सावलीत निजतात. आठ दिवसांनी आले तरी चालते. चहा मॅनेजर पाजतीन.' एवढंच. मी म्हटलं, खाली माझा अंगठा घे. तो नको म्हणाला, आवतणाला अंगठा लागत नाही.

कार्ड त्यानं डाव्या हातानं लिहिलं. का म्हणून विचारलं तर म्हणाला उजवा दुखतो. दिवसभर हजेरी ओढून दुखत असेल. त्याला चहा विचारला. पोट बरं नाही म्हणाला. नाक्यावरच्या हॉटेलात त्याचं पोट धडधाकट असतं.

१० डिसेंबर

गाडी वेळेवर आली.

२८ डिसेंबर

तुझं कार्ड पोचलं. 'मी बरी आहे, तू बरी अस.' उत्तमरावनं दोनदा वाचून दाखवलं, तरी तेवढंच निघालं. अभ्यास असेल.

साहेब आला नाही. मी रोज कंडक्टरकडे बघते. कंडक्टर हिंमतराव म्हणाला, "आजी, काऊन पाहून राह्यल्या माह्याकडं? सोयरीक आणली का?" म्हटलं, तुझ्यापेक्षा बरा साहेब शोधते.

दुपारच्या सुट्टीत ढिगाआड डोकावले. शालूबाईच्या पोरीनं मला ओळखलं. शालूबाईनं नाही.

७ जानेवारी १९६५

पंचफुला, गोंधळ झाला.

वरच्या हापिसानं माझं आवतण आमच्या मॅनेजरलाच पाठवून दिलं, तुमच्यावर तक्रार आली आहे, खुलासा करा म्हणून. तुला सांगते, इतकी शिकलेली माणसं, आवतण आणि तक्रार यातला फरक कळत नाही.

महादेवरावांनी सगळ्यांना वडाखाली बोलावलं. "आपण सगळे एका घरचे. घरातली गोष्ट घरातच सांगावं. ज्यानं कोणी लिवलं त्यानं येऊन सांगा, मी त्याच्या पाठीवर हात ठेवीन."

"हात पाठीवर अन् पाय पोटावर," शालूबाई म्हणाली. हळू म्हणाली, पण त्या वेळी भोंगा, इंजिन सगळं बंद होतं. बायका हसल्या. महादेवरावही हसले.

मग कार्ड त्यांनी उत्तमरावच्याच हातात दिलं, अक्षर कोणाचं ते शोध म्हणून. मी आत्ता विचारलं, मग काय म्हणालास? तो म्हणतो, "शोधतो म्हणलं."

११ जानेवारी

शालूबाईला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. तिचा दीर देऊळघाटच्या शाळेत मास्तर आहे. घरात लिहिणारा माणूस आणि तोंडात अशी जीभ, म्हणजे कार्ड तिचंच, असं महादेवरावांनी ठरवलं.

"तू काही बोलला नाही?" मी उत्तमरावला विचारलं.

"काय बोलू? माह्यं अक्षर हाये म्हणून? तीन पोरी हाये मले, आजी."

"तिलेही हाये एक."

"मंग तुम्ही सांगा ना. आवतण तुमचं."

१२ जानेवारी

काल तेवढ्यावरच थांबलो. गाडी आली नव्हती, तरी उत्तमराव उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. आज पुन्हा दगडावर येऊन बसला आहे. मी म्हटलं, कालचं तुझं जाणंही लिही. लिहितो आहे.

मी सांगणार आहे. फक्त लगेच नाही. सांगितलं तर मला आया कोण करेल? खोली उघडेल आणि आत दुसरीच कोणी बसेल. मला त्याचं काही नाही, मांडी काय, दुखतेच. पण लेकरांना माझी सवय झाली आहे.

१४ जानेवारी

महादेवरावांनी स्वतःच्या हातानं तिळगूळ वाटला. सगळ्यांनी त्यांच्या पाया पडून घेतला. मीही घेतला. वाईट असता तर थुंकला असता, पण चांगला होता.

सांजच्याला शालूबाईच्या दारापुढे गेले. ती अंगणात गवऱ्या रचत होती. आत पोर खोकत होती. मला बस म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही.

"आजी, तुम्ही दिवसभर तिथं असता," ती म्हणाली. "कार्ड कोणी लिवलं ते कानावर आलं तर मले सांगजा. दोन गोष्टी इचारायच्या हाये त्याले."

"हाव, सांगीन," मी म्हटलं.

पंचफुला, साहेबापुढे मी इतकं खोटं बोलले, त्याचं कधी ओझं झालं नाही. ते नाटक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. हे दोनच शब्द, पण घरी येईपर्यंत तोंडात कडू लागत होते. आणि वरून तिळगूळ खाल्लेला.

२४ जानेवारी

निरोप आला. उद्या साहेब येणार. पांढरं लुगडं मिळालं. या खेपेला महादेवरावांनी नीळ घालून आणलं आहे. म्हणाले, "आजी, तुमच्यावरच सगळी भिस्त."

कोणी असं म्हटलं की बरं वाटतं, हे खोटं का बोलू?

१५ फेब्रुवारी

मधले दिवस वही बंद होती. उत्तमराव दगडावर बसत नव्हता, थेट नाक्यावर जाऊन उभा राहायचा. आज आला. "सांगा," म्हणाला, आणि वही मांडीवर घेतली. तर साहेब आला त्या दिवशीचं सांगते.

पाच पाळण्यांत लेकरं होती, सहावा शालूबाईच्या पोरीचा, तिच्यावाचून राहिलेला. बायका भिंतीला लागून उभ्या. खुलाशाबरोबर परत गेलेलं कार्ड साहेबानं खिशातून काढलं आणि मोठ्यानं वाचलं. माझंच बोलणं, पण त्याच्या तोंडून किती गरीब वाटलं. चहा मॅनेजर पाजतीन इथं आल्यावर तो थांबला.

"हे खरं आहे काय?"

"सपशेल खोटं सायेब," गीताबाई शिकवल्याप्रमाणे म्हणाली. "लेकरं रोज इथंच राह्यते."

"एका बाईनं रागापोटी लिहिलं, साहेब," महादेवराव म्हणाले. "आम्ही तिला समज दिली आहे."

माझं लक्ष सहाव्या पाळण्याकडे गेलं. कोणीतरी त्यात लाकडी घोडा निजवला होता, रिकामा दिसू नये म्हणून. वरून दुपटं पांघरलं होतं.

मी म्हटलं, "सायेब, ते आवतण माह्यं हाये. शालूबाईचं त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. तिले उगंच घरी बसवलं."

"आजी, भानावर या," महादेवराव म्हणाले.

"तुम्हाला लिहिता येतं?" साहेबानं विचारलं.

"नाही."

"मग लिहिलं कोणी?"

"माह्या तोंडानं."

साहेब गालात हसला, पुढे विचारलं नाही. तिथेच थांबायला पाहिजे होतं मी. थांबलेच होते. पण तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आणखी काही सांगायचं आहे, आजी?"

पंचफुला, मला आजपर्यंत असं कोणी विचारलं नव्हतं. मालकानं नाही, तुझ्या आजोबानं नाही. आणखी काही सांगायचं आहे का. मग माझं तोंड काही बंद होईना. किल्लीचं सांगितलं, पट्ट्यांचं, घोड्याचं, अंगावरच्या लुगड्याचं. त्याच धारेत हजेरीचंही सांगून गेले. एकीच्या नावाला दुसरी कशी "हाव" म्हणते, बारीक आवाज, जाड आवाज, दोन्ही काढून दाखवले. खरं सांगायला बसलं तर आपलं वगळून कसं सांगणार? साहेब सगळं लिहून घेत होता. वर बघितलं तेव्हा बायकांची तोंडं दिसली. मॅनेजरचं तोंड एवढं उतरलं नव्हतं, जेवढी त्यांची.

उत्तमराव दारात उभा होता. कार्डापायी मी त्याला वाचवला आणि हजेरीत बुडवला.

आता त्याला हजेरीवरून काढून सरकीच्या गोदामावर टाकलं आहे. अंगभर धूळ. मी म्हटलं, "तू मले शिव्या दे, मले बरं वाटन."

तो म्हणाला, "शिव्या द्याले आलो असतो तं लेखणी काऊन आणली असती?" मग वहीवर पडलेली धूळ फुंकून म्हणाला, "गोदामात अक्षर शोधा लागत नाही कोणाचं."

२ मार्च

खोली रोज उघडी असते. साहेबानं तसा हुकूमच काढला. पट्ट्या दुसरीकडे गेल्या, कुलूप निघालं. आया म्हणून महादेवरावांची मेहुणी सिंधूताई आली आहे. तिचं लुगडं तिचं स्वतःचं आहे.

मला म्हणाले, "आजी, हंगाम सरत आला, आता आराम करा." हंगाम चांगला अजून महिनाभर आहे, कपाशीच्या बैलगाड्यांची रांग माझ्या दारातून दिसते. शालूबाईला परत घेतलं. ते मात्र साहेबानं आपल्या डोळ्यांसमोर करून घेतलं.

मी सकाळी गव्हाच्या रानात सरवा, कापणीमागे पडलेल्या ओंब्या, वेचायला जाते. दुपारी दारात बसते. रस्त्यापलीकडे भिंत, भिंतीच्या आड ती खोली. कोणाचं लेकरू रडतं ते मला आवाजावरून कळतं. उठून चार पावलं टाकते, मग रस्ता येतो.

हजेरीला आता मुकादम उभा असतो, प्रत्येकीचं तोंड बघतो. गीताबाईचे खाडे पडले. परवा नळावर भेटली.

"आजी, मॅनेजरचं सांगितलं ते बरं केलं. आमचं काऊन सांगितलं?"

"ते बी खरंच होतं ना, गीताबाई."

"खरं होतं. पण आमच्या कामाचं होतं."

याला उत्तर मला अजून सापडलं नाही. तुला तिकडे शिकवत असतील तर कळव. आता कोणी बोलत नाही. पाणी लांबून ओतायच्या, तेही नाही. मी नळावरून त्यांच्याआधी पहाटेच भरून आणते.

शालूबाई रोज दारापुढून जाते. तिलाही कळलं आहे, आवतण कोणाचं ते. तिनं दोन गोष्टी अजून विचारल्या नाहीत. मी रोज तयार राहते.

११ मार्च

आज वही संपते, शेवटचं पान आहे. उत्तमराव अक्षर बारीक काढतो आहे.

सकाळी सरव्याला निघायच्या बेतात होते. दारात शालूबाई उभी. कडेवर पोर, हातात दुपटं. मला वाटलं, आला तो दिवस. म्हटलं, "इचार माय, काय इचारायचं ते."

ती म्हणाली, "त्या खोलीत पाळणे सहा, अन् आता घरची बी आणतात तं लेकरं चौदा. बाकीचे फरशीवर. ते बाई दारात खुर्ची टाकून बसते, रडलं तं काठीनं झुला ढकलते." पोरीला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमची मांडी रिकामी हाये ना?"

"हाये," मी म्हटलं.

"तुम्ही मले 'हाव, सांगीन' म्हणल्या होत्या. माह्या अंगणात. तवा बी तुमालेच ठाऊक होतं."

"हाव."

"ते मी इसरणार नाही."

"नको इसरू."

पोर माझ्या मांडीवर ठेवली, दुपटं बाजूला ठेवलं आणि भोंगा व्हायच्या आत निघून गेली. वळून बघितलं नाही. सांजच्याला येऊन घेऊन गेली, तेव्हाही बोलली नाही. उद्या आणते का विचारायचा मला धीर झाला नाही. दुपटं मात्र इथंच ठेवून गेली आहे.

रानात गेले नाही, सरवा राहिला. दिवसभर पोरीनं माझं नाक ओढलं. दुपारी भाकर दुधात कुस्करून दिली तर तिनं थुंकली, मग मी खाऊन दाखवली तर मलाही गिळवेना, इतकी निबर झाली होती.

वही हिंमतराव कंडक्टरच्या हाती तुझ्याकडे पाठवते. वाचून झाली की लगेच त्याच्याच हाती अकोल्याच्या बेकरीतले टोस्ट पाठव. गोड कमी असू दे, आणि दुधात टाकल्याबरोबर विरघळतील असे बघून घे, कडक पाठवशील तर उपयोग नाही. तिला खाली दोन दात आले आहेत आणि माझे वर तीन उरले आहेत. पाचांवर भागवायचं आहे. विसरशील, म्हणून उत्तमरावला हे मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं आहे.